गीता २.७० : समुद्र, बुफे आणि मनगटावरचा पट्टा

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ७०



स्थितप्रज्ञाची लक्षणं आपण गेले काही दिवस वाचतोय. अर्जुनाचा प्रश्न चोपन्नाव्या श्लोकात आला होता, आणि किती साधा प्रश्न होता तो! ज्याची बुद्धी स्थिर झाली आहे तो माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? अर्जुनाला व्याख्या नको होती. रोजच्या वागण्यात ते कसं दिसतं, एवढंच त्याला बघायचं होतं. त्या उत्तराच्या शेवटाकडे भगवंत समुद्राचा दृष्टांत देतात.

भावार्थ माझ्या शब्दांत सांगतो. समुद्रात चहूबाजूंनी पाणी येऊन पडतं. तो आधीच भरलेला असतो, तरी येणाऱ्या नदीला तो नको म्हणत नाही आणि ती आली म्हणून आपली जागाही सोडत नाही. भोग ज्याच्यापाशी असे येतात पण ज्याला हलवू शकत नाहीत, शांती त्याची. भोगांच्या मागे जो धावतो, त्याला ती मिळत नाही.

इथे एक गोष्ट बघा. हा दृष्टांत देणारा स्वतः द्वारकाधीश आहे. समुद्रकाठच्या, वैभवाने भरलेल्या नगरीत राहणारा. त्यामुळे "हे सगळं संन्याशांसाठी आहे, आपण संसारी माणसं" अशी पळवाट आपल्याला नाही.

आता हा श्लोक एका खऱ्या समुद्राकाठी लावून बघू. मुलीच्या शाळेला सुट्टी लागली आणि जूनच्या शेवटी आम्ही मेक्सिकोतल्या कॅनकूनला पाच दिवस राहून आलो. मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि फलटणहून आमच्याकडे आलेले आई-बाबा. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींना कॅनकून नवीन नाही. विमानतळावरच शेजारच्या रांगेत "अगं पासपोर्ट कुठे ठेवलास?" ऐकू येतं. तिथला फोटो बघून तुमच्यापैकी दोघा-तिघांनी विचारलं, साधना करणाऱ्याने असल्या ठिकाणी जावं का? आजचं चिंतन त्यावरच.

'सगळं समाविष्ट' म्हणजे काय?

राहणं, खाणं, पिणं, खेळ, मुलांचा क्लब, सगळ्याचे पैसे आधीच एकदम भरायचे. पोचलात की मनगटावर एक पट्टा बांधतात. त्यानंतर पाकीट काढायचंच नाही. ही कल्पना लोकप्रिय केली क्लब मेडने. १९५० साली जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन माणसाने स्पेनच्या मायोर्का बेटावर आल्कुदिया इथे तंबूंचं सुट्टीगाव सुरू केलं. युद्धानंतर थकलेल्या युरोपला पैशाची काळजी विसरून काही दिवस समुद्रापाशी राहता यावं, असा त्यामागचा विचार. पुढे त्यांच्या गावांमध्ये पेयांसाठी नोटांऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी चालायचे. माळ तिथेही होती, फक्त जप वेगळा!

कॅनकूनही असंच ठरवून उभं केलेलं. १९७० च्या सुमारास मेक्सिको सरकारने जवळजवळ रिकामा असा वाळूचा पट्टा निवडला आणि १९७४ मध्ये पहिली हॉटेलं सुरू झाली. नकाशावर हा पट्टा इंग्रजी ७ च्या आकड्यासारखा दिसतो. एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला निचुप्ते नावाचं खारं सरोवर.

म्हणजे माणसाने विचारपूर्वक अशी जागा बनवली, जिथे मागितलं ते मिळेल. आणि म्हणूनच मन कसं चालतं हे बघायला ती उत्तम प्रयोगशाळा आहे.

पैसे वसूल!

पहिल्या दिवशी बुफेसमोर उभं राहिलं की मन काय म्हणतं? "एवढे पैसे भरलेत, वसूल करायला नकोत?" भूक असो वा नसो, ताट भरलं जातं. 'फुकट ते पौष्टिक' असं आपण हसत म्हणतो, पण हे तर फुकटही नसतं! पैसे गेलेले असतात. जास्त खाऊन ते परत येणार नसतात. तरी आपण आपल्या पोटाला वसुली कारकून बनवतो.

माझ्या मुलीचं तिसऱ्या दिवशीचं पाचवं आइस्क्रीम अर्धं वितळून गेलं, कारण ते हातात असतानाच तिला सहावं दिसलं होतं. ती लहान आहे. मोठी माणसं तेच करत होती, फक्त ग्लास घेऊन. इंजिनियर मित्रांना सांगायचं तर हे रिकर्शन आहे आणि त्याला बेस केस लिहिलेली नाही. प्रत्येक 'मिळालं' पुढच्या 'हवं'ला हाक मारतं. थांबायची अट बाहेरून येत नाही. बुफे रात्री बंद होतो, सकाळी पुन्हा उघडतो.

याच अध्यायाच्या एकोणसाठाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की उपाशी राहिल्याने विषय दूर जातात, पण त्यांची गोडी आत राहते. रिसॉर्टमध्ये हेच उलट बाजूने दिसतं. विषय सगळे समोर आले, तरी गोडी काही शमली नाही. म्हणजे अडचण ताटात कमी आहे की जास्त, ही नाहीच. आत जे 'अजून' म्हणतंय, त्याच्याकडे बघायला हवं.

आणि हे 'अजून' अडलं की काय होतं, तेही तिथेच दिसलं. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर सार्गासम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ येऊन पडतं. २०१५ पासून ते मोठ्या प्रमाणात येऊ लागलं. खोल समुद्रात ते माशांना आणि कासवांच्या पिल्लांना आसरा देतं, पण किनाऱ्यावर कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. एका सकाळी स्वागतकक्षात एक पाहुणे तावातावाने ओरडत होते की आम्ही निळ्या पाण्याचे पैसे भरलेत. समोरची मुलगी बिचारी माफी मागत होती. समुद्राच्या वतीने!

बासष्ट-त्रेसष्टाव्या श्लोकातली साखळी आठवा. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून इच्छा, इच्छा अडली की राग, रागातून भ्रम, मग स्मृती जाते आणि शेवटी बुद्धी. जाहिरातीतला निळा फोटो महिनाभर बघितला, की साखळीची पहिली कडी घरीच तयार होते. आपण ती सोबत घेऊन विमानात बसतो.

समुद्र मात्र कुणाच्या फोटोप्रमाणे वागत नाही. २००५ मध्ये विल्मा चक्रीवादळाने कॅनकूनची वाळूच वाहून नेली होती. नंतर समुद्राच्या तळातून वाळू उपसून किनारा पुन्हा भरावा लागला. ज्या वाळूवर आपण 'कायमची शांती' शोधत पहुडतो, ती वाळूसुद्धा आणून टाकलेली आहे.

आईची एकादशी, बाबांचा प्रश्न

आमच्या मुक्कामात एकादशी आली. बुफेत शंभर पदार्थ आणि आईचा उपास. मला वाटलं, तिला अवघड जाईल. तिने पपई आणि केळी घेतली आणि आमच्यासोबत शांतपणे बसली. नातीच्या ताटात काय आहे ते विचारत होती, सुनेला "हे घेऊन बघ गं, छान दिसतंय" म्हणत होती. उपासाचा बोभाटा नाही, आमच्या खाण्याला नाक मुरडणं नाही. आणि बाबा? त्यांनी सगळं चवीने खाल्लं, मक्याच्या पोळ्यांना "आपल्या भाकरीची मावसबहीण" असं नाव दिलं. एक दिवस जेवायला उशिरा पोचलो, हवं ते संपलं होतं. तेव्हाही तितकेच खुशीत वरणासारखी काळ्या घेवड्याची उसळ खाऊन उठले.

एक घेत नव्हती, एक घेत होते, आणि दोघंही जागेवर होते. समुद्राचा दृष्टांत मला पुस्तकापेक्षा त्या टेबलावर जास्त कळला.

पण आई आतून पूर्ण शांत नव्हती, हेही सांगायला हवं. त्या दिवसांत माउलींची पालखी आळंदीहून निघाली होती. फलटणला पालखीचा मुक्काम असतो. आमच्या घरी दरवर्षी त्या दिवशी वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी होते. लग्न होऊन आल्यापासून आईचं हे कधी चुकलं नव्हतं. यंदा ती सातासमुद्रापार, आणि तेही अशा ठिकाणी जिथे सगळे तिलाच वाढत होते. जेवताना बाबांनी टेबलं आवरणाऱ्या मुलाकडे बघत मला विचारलं, "काय रे, ताटात टाकलेलं हे एवढं अन्न कुठे जातं? आणि ही पोरं जेवतात कधी?"

मित्रांनो, इथे तिसरा अध्याय उघडावा लागतो. बाराव्या-तेराव्या श्लोकात भगवंत फार कडक बोलतात. मिळालेलं परत काही न देता जो भोगतो, त्याला ते चोर म्हणतात. आणि जो फक्त स्वतःसाठी शिजवतो, तो पाप खातो, असं सांगतात. रिसॉर्टचं मनगटपट्टा देणं म्हणजे काय? घेणं सोपं करणं आणि देणाऱ्याला नजरेआड करणं. पहाटे दंताळ्यांनी शेवाळ ओढणारी माणसं आपण उठायच्या आत निघून गेलेली असतात. खोली आवरणारी, भांडी घासणारी माणसं मुख्य शहरातल्या वस्त्यांतून बसने येतात. त्यांतले कित्येक युकातानच्या खेड्यांतून पोटासाठी आलेले, घरी माया भाषा बोलणारे. 'सगळं समाविष्ट' यात ती माणसं आपल्या नजरेत समाविष्ट नसतात. गीता ज्याला यज्ञचक्र म्हणते, त्यातला आपल्याकडून परत जाणारा भाग तिथे सहज गळून पडतो.

आपली 'सगळं समाविष्ट' वाट

आता वारीकडे बघा. आळंदीहून आणि देहूहून लाखो माणसं पंढरपूरला चालत जातात. वाटेत जेवण, चहा, पाणी, राहायला जागा, कुठे तर पाय चेपून देणारे हातसुद्धा! वारकऱ्याला यातल्या बहुतेक गोष्टींचे पैसे द्यावे लागत नाहीत. जगातल्या कुठल्याही रिसॉर्टला लाजवेल अशी ही व्यवस्था. पण वारीत कुणी 'पैसे वसूल' म्हणत ताट भरत नाही. घेणारा आधी हात जोडतो आणि वाढणाराही त्याला माउली म्हणून वाकतो. भाकरी तीच, पण ती प्रसाद होते. घेणारा आणि देणारा एकमेकांना दिसतात, एवढाच फरक आहे. आणि तो फार मोठा आहे.

त्या रात्री नऊ वाजता, म्हणजे फलटणला सकाळी साडेसातला, आईने शेजारच्या काकूंना फोन लावला. "यंदा मी नाही, पण चूल आपल्या अंगणातच पेटवा. पीठ-तेलाचं मी बघते." काकू म्हणाल्या, "तुम्ही नका काळजी करू वहिनी." फोन ठेवल्यावर आई पहिल्यांदा बाल्कनीत येऊन निवांत बसली. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी टेबल आवरणाऱ्या मुलाचं नाव रोज घेतलं, मोडक्या स्पॅनिशमध्ये 'ग्रासियास' म्हटलं आणि निघताना पाकीट त्याच्या हातात दिलं, टेबलावर ठेवलं नाही.

मग जावं की नाही?

अवश्य जावं. सहाव्या अध्यायाच्या सोळा-सतराव्या श्लोकांत भगवंत जास्त खाणाऱ्याला योग साधत नाही म्हणतात, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही म्हणतात. जेवण, झोप, काम यांच्याबरोबर विहारही मापात असावा असं सांगतात. विहार टाकून द्या असं ते म्हणत नाहीत. वर्षभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना समुद्राची गरज आहे. आई-वडिलांना आणि मुलांना एकत्र चार निवांत दिवस देणं हीसुद्धा सेवाच आहे. घरच्यांनी पाण्यात उड्या मारायच्या आणि आपण वैराग्याचा चेहरा करून खुर्चीत बसायचं, हा अहंकाराचाच एक विहार झाला! फक्त एवढं लक्षात ठेवायचं की पट्टा मनगटाला बांधायचा असतो, मनाला नाही.

आजचा अभ्यास छोटा आहे. रिसॉर्टला जायची गरज नाही, ऑफिसचं कँटीन किंवा लग्नाचं बुफे जेवणही चालेल.

१. ताट भरण्याआधी एक श्वास थांबा आणि विचारा : हे भूक मागतेय की वसुली?

२. पानात घेतलेलं संपवा. पुन्हा हवं असेल तर पुन्हा उठा.

३. ज्याने वाढलं किंवा उचललं, त्याच्या डोळ्यांत बघून, शक्य असेल तर नाव घेऊन आभार माना.

४. जे आपण भोगलं, त्याचा एक वाटा याच आठवड्यात कुणाच्या तरी ताटात जाऊ द्या. आषाढी जवळ आली आहे, निमित्त शोधायला नको.

उद्या श्लोक ७१ : इच्छा, 'माझं' आणि 'मी' सोडून वावरणारा माणूस. आजच्या अभ्यासात काय जाणवलं ते जरूर कळवा.

रामकृष्णहरी!