गुडघ्याची मर्यादा

मर्यादा आणि स्वातंत्र्य ही एकमेकांची वैरी आहेत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वडीलधारी माणसे मर्यादेचे गोडवे गातात, तरुण मंडळी स्वातंत्र्याचे; आणि घराघरांतले निम्मे वाद या दोन शब्दांच्या पोटी जन्माला येतात. या जुन्या वादात मला अलीकडे एक नवा साक्षीदार भेटला आहे. तो आला आहे अगदी अनपेक्षित ठिकाणाहून, संगणकावरच्या खेळांतून.

विकत मिळणारा खेळ हा बांधून दिलेल्या घरासारखा असतो. हौशी माणसाचे तेवढ्याने समाधान होत नाही. तो त्यात आपली एक खोली वाढवतो, अंगणात तुळस लावतो, प्रसंगी भिंतही पाडतो. या उद्योगाला मॉड म्हणतात. १९९८ साली निघालेल्या हाफ-लाइफ या खेळावर दोघा हौशी तरुणांनी १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइक नावाचा मॉड रचला आणि तो पुढे जगभर नावाजला. पण बहुतेक मॉड गल्लीतल्या गणपतीच्या आराशीसारखे असतात. चार जणांनी रात्री जागून करायचे, चार जणांनी कौतुकाने पाहायचे, आणि पैशाचे नाव काढायचे नाही.

अशाच एका चौकडीत मी शिरलो. एका जुन्या खेळात कोकणातले एक गाव वसवायचे, असा आमचा बेत. एकाने माणसांच्या आकृती घडवायच्या, दुसरीने त्यांना चालवायचे-बोलवायचे, आणि या दोघांच्या मधले काम माझे: आकृतीत हाडे घालण्याचे. त्याला रिगिंग म्हणतात. ते शिकण्याचे साधन ब्लेंडर. लोकांनी एक लाख युरोंची वर्गणी जमवून २००२ साली सर्वांना खुले करून घेतलेले. त्यामुळे शिकायला लागली ती फक्त चिकाटी.

घडवून आलेली आकृती शाडूच्या मूर्तीसारखी असते. डोळे, नाक, बोटे सारे जागच्या जागी. पण हलायचे नाव नाही. तिच्या पोटात एकेक हाड बसवायचे आणि कातडीवरच्या प्रत्येक बिंदूला सांगायचे की तू कोणत्या हाडाचे किती ऐकायचेस. ब्लेंडरमध्ये हे रंगाने सांगतात. लाल म्हणजे पूर्ण ऐकायचे, निळा म्हणजे मुळीच नाही. खांद्याजवळचा बिंदू निम्मा छातीचा आणि निम्मा दंडाचा. या वाट्यांची बेरीज एक भरावी लागते. खांद्याचा बिंदू एकट्या दंडाला देऊन टाकला, तर हात वर करताच काखेत ओंगळ घडी पडते.

पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना यातला फरक चटकन कळेल. त्या बाहुलीला बाहेरून दोऱ्याने ओढतात. इथे दोरा नाही. आकृतीला जे काही करता येईल, ते तिच्या आतल्या सांध्यांनी ठरते. मग सांधा कसा असावा, हा प्रश्न येतो. आणि आमचा जुना वाद इथे पुन्हा दार ठोठावतो.

गुडघ्याचेच पाहा. नुसते हाडाला हाड जोडले तर पाय पुढे, मागे, आडवा, कसाही वळतो. पहिल्या क्षणी वाटते, केवढे हे स्वातंत्र्य! पण असा पाय पाऊल टाकू शकत नाही. टाच जमिनीवर टेकवा म्हटले की गुडघा कधी मागे दुमडेल आणि कधी बाजूला कलेल, याचा नेम नाही. त्याला सांगावे लागते की तू बिजागरीसारखा एकाच अंगाने वाकायचे आणि सरळ झालास की थांबायचे. एवढे बंधन पडले की पाय चालू लागतो, जिना चढतो, फुगडी घालतो. मर्यादेने इथे काही हिरावून घेतलेले नाही. चालणे दिले आहे. वडीलधाऱ्यांनी ही साक्ष ऐकून समाधानाने मान डोलवायला हरकत नाही.

पण साक्षीदाराची उलटतपासणी अजून व्हायची आहे.

आमच्या गावात एक कोळीण आहे आणि एक शाळामास्तरीण. कोळणीचे लुगडे कासोट्याचे, गुडघ्यापर्यंत आवळलेले. कापड दोन्ही पायांना वेगवेगळे लपेटलेले असल्यामुळे ज्या पायाचे कापड त्या पायाचे ऐकते. ती बाई पहिल्याच दिवशी धावू लागली. मास्तरणीचे पातळ पाचवारी. निऱ्यांचा घेर दोन्ही पायांच्या मधे लोंबणारा, आणि तो बिंदू कोणत्या मांडीचा हे सांगणे कठीण. हळू चालली तर ठीक. पण धावायला लागली की गुडघा कापडातून आरपार बाहेर. आणि कथेत तिला धावायचे होते, एक पोर विहिरीच्या कठड्यावर चढले होते म्हणून.

यावर उपाय दोन. पहिला उपाय एका मिनिटाचा. मांडीच्या सांध्याला कुलूप घालायचे, की एवढ्या अंशांपलीकडे पाऊल पडणार नाही. कापड फाटत नाही, दोष दिसत नाही, उलट बाई मोठी शालीन दिसते! दुसरा उपाय कित्येक रात्रींचा. निऱ्यांत स्वतंत्र हाडांच्या साखळ्या घालायच्या, त्यांना मांडीच्या पाठोपाठ हलायला लावायचे, एकेका बिंदूचे वाटे पुन्हा जुळवायचे.

पडद्यावर ही दोन्ही कुलपे सारखीच दिसतात. गुडघ्याची मर्यादाही अंशांत लिहिलेली, मांडीची मर्यादाही अंशांत लिहिलेली. परंतु एक पायासाठी आहे आणि दुसरी कारागिरासाठी. एकीमुळे चालणे शक्य होते. दुसरीमुळे आपले अपुरे काम झाकले जाते, आणि त्याची किंमत धावणाऱ्या बाईने भरायची असते.

हे ध्यानात आल्यापासून मला घरातल्या आणि समाजातल्या मर्यादा निराळ्या दिसू लागल्या आहेत. १९२८ साली अॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या. ही दौड त्यांच्या प्रकृतीला झेपत नाही, असे ठरवून ती पुढे बंद करण्यात आली आणि थेट १९६० साली रोमला पुन्हा सुरू झाली. बायकांच्या मॅरेथॉनला तर १९८४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लॉस एंजेलिसला जोन बेनॉइट ते अंतर दोन तास चोवीस मिनिटे आणि बावन्न सेकंदांत धावली. म्हणजे जिला गुडघ्याची मर्यादा म्हटले जात होते, ती मांडीचे कुलूप निघाली. शरीराने ते घातलेले नव्हते.

आपल्याकडे मुलीला सांगतात, दिवेलागणीच्या आत घरी ये. सांगणारी आई दुष्ट नसते. तिला रस्ता ठाऊक असतो. पण रस्त्यावर दिवा नाही, शेवटची गाडी वेळेवर नाही, टोळक्याला जाब विचारणारा कोणी नाही, हा दोष कापडाचा आहे. कुलूप मात्र पावलाला बसते. पुढे काही वर्षांनी कापडाचा दोष सारे विसरतात आणि आखूड पाऊल हीच तिची प्रकृती, तिचे वळण, तिची शालीनता ठरते. मला या विसरण्याची भीती सर्वांत जास्त वाटते.

यावर कोणी रास्त शंका काढील, की रस्ता सुधारेपर्यंत पोरीला अंधारात सोडायची का? नाही. कुलूप कधीच घालू नये, असे मलाही म्हणता येत नाही. खेळ उद्या दाखवायचा असेल तर आज मांडी आवळावी लागते. मात्र त्या कुलपावर दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: हे कोणाच्या दोषामुळे घातले, आणि काय दुरुस्त झाले म्हणजे निघेल. आईने मुलीला एवढे सांगितले, की "चूक तुझ्या पावलाची नाही, रस्त्याची आहे, आणि रस्त्यासाठी मीही भांडते आहे," तर तोच नियम मुलीला निराळा वाटेल. तो तिला आपल्या देहाचा कमीपणा वाटणार नाही. शिवाय आईलाही भांडायला जावे लागेल. नुसते दार लावून भागणार नाही.

आमच्या मास्तरणीच्या निऱ्यांत मी शेवटी सोळा हाडे घातली. ती आता पदर सावरीत धावते आणि पोर वाचते. ती सोळा हाडे खेळणाऱ्याला कधीच दिसणार नाहीत. त्याला दिसते एवढेच, की एक बाई लांब पावले टाकीत गेली. आणि ते त्याला अगदी साहजिक वाटते. ज्यांनी कोणी आपल्या घरात, गावात अशी न दिसणारी हाडे घालून ठेवली, त्यांचे काम असेच साहजिक होऊन गेले आहे. यंदा दिवाळीला दारात पणती लावताना एक पणती पुढच्या अंधाऱ्या वळणावरही ठेवावी, आणि तिथे कायमचा दिवा यावा म्हणून पाडवा झाला की अर्ज घेऊन जावे.