भरून पावलो

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून ते घाट चढलं, ईशान्येकडे निघालं आणि जोर बराच ओसरल्यावर नाशिक जिल्ह्यावरून पुढे गेलं. येवल्यापासून समुद्र सुमारे अडीचशे किलोमीटर लांब आहे. आमच्याकडे समुद्र म्हणजे शाळेची सहल. पण त्या रात्री आमच्या कांदाचाळीचे सात पत्रे उडाले आणि साठवलेला उन्हाळ कांदा भिजला.

पुढे पंचनामा झाला. किती पत्रे, किती कांदा, गट नंबर काय. काही महिन्यांनी रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला. वडील तो वाचून म्हणाले, “पूर्वी पैसे घेतले की कागदावर लिहून द्यावं लागायचं, भरून पावलो म्हणून. आता मोबाइलच परस्पर सांगतो.”

ते सहज बोलून गेले, पण माझ्या डोक्यातून ते वाक्य गेलं नाही. ‘भरपाई’ हा शब्द आपण हल्ली देणाऱ्याच्या बाजूने वापरतो. सरकारने भरपाई दिली, कंपनीने भरपाई दिली. पण शब्दात ‘पावणे’ आहे, म्हणजे मिळणे. ज्याचं गेलं त्याने ‘भरून पावलो’ म्हटलं की व्यवहार संपला. तोपर्यंत देणाऱ्याने दिली ती फक्त रक्कम. मग ज्या नुकसानीत ‘भरून पावलो’ म्हणायला कोणी समोरच नसतं, तिची भरपाई होते का? हा प्रश्न मला पत्र्यांमुळे पडला, पण तो खरा आहे तो किनाऱ्यावरच्या खाजणांचा, तिथल्या कांदळवनांचा.

खाजण म्हणजे खाडीकाठची, भरतीचं पाणी आत येतं-जातं ती जमीन. तिच्यात तिवर, कांदळ, चिप्पी अशी खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं असतात. मुळांचं जाळं लाटेचा जोर खातं, पाण्याची गती मंदावते, गाळ धरला जातो. वादळात समुद्र फुगून आत येतो तेव्हा या दाट पट्ट्यातून वाट काढताना त्याचा जोर कमी होतो. शिवाय खाजण हा मोकळा सखल भाग असल्याने वरून आलेल्या पावसाच्या पाण्यालाही पसरायला जागा मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीच्या मुखाकडची दलदल आणि कांदळवन भरून त्यावर आधीच वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं होतं. एवढा पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता हे खरं. पण पाण्याला थांबायची जागा आपणच काढून घेतली होती, हेही खरं.

कांदळवन सगळं अडवत नाही. वाऱ्याला ते फारसं काही करत नाही. निसर्ग वादळात पोफळीच्या बागा गेल्या त्या मुख्यतः वाऱ्याने, आणि तिथे खाजण कितीही शाबूत असतं तरी त्या वाचल्या नसत्या. माझे पत्रे तर नाहीच नाहीत. पण जिथे पाणी माणसं मारतं, तिथे गोष्ट वेगळी असते. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या अर्थशास्त्रज्ञांनी केंद्रपाडा जिल्ह्यातल्या ४०९ गावांचा अभ्यास करून २००९ साली दाखवून दिलं की ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये रुंद कांदळवन शिल्लक होतं, तिथे मृत्यू कमी झाले. त्याच अभ्यासात हेही आहे की वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने त्याहून जास्त जीव वाचले.

आता या गावांतल्या एखाद्या वाचलेल्या बाईचा विचार करा. ती कोणामुळे वाचली हे तिला माहीत नाही. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं आणि ओसरलं, इतकंच तिला ठाऊक. आपण वाचलो ते देवाच्या कृपेने किंवा नशिबाने, असं ती म्हणेल. न आलेल्या पाण्याचा पंचनामा होत नाही. म्हणून कांदळवन असताना त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. ते तोडल्यावरही काही दिसत नाही, कारण वादळ रोज येत नाही. तोडणं आणि बुडणं यांच्यात वीस वर्षं जाऊ शकतात. तोवर तोडणारा दुसरीकडे गेलेला असतो आणि बुडणारा कदाचित तोडताना जन्मलेलाही नसतो.

अशा नुकसानीची भरपाई आपण करतो म्हणजे काय करतो?

एक रीत पैशांची. न्हावा शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं. त्याच्या विस्ताराच्या कामात कांदळवन गेलं, भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, पारंपरिक मासेमारी बसली. कोळी बांधव राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे गेले, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. हा निकाल मला मोलाचा वाटतो, कारण तो नुकसान झालेल्या माणसांची मोजदाद करतो. इथे निदान ‘भरून पावलो’ म्हणणारं किंवा म्हणायला नकार देणारं कोणीतरी समोर आहे. पण त्या पैशांत गेलेली मासळी मोजली गेली. त्या खाजणामागे राहणाऱ्या आणि पुढे राहायला येणाऱ्या लोकांचा आडोसा त्यात मोजलेला नाही, कारण ते लोक लवादासमोर नव्हतेच.

दुसरी रीत झाडाला झाड. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुमारे बावीस हजार कांदळझाडं तोडायला परवानगी दिली. आधी हा आकडा पन्नास हजारांच्या वर होता, तो कमी केला गेला. एका झाडामागे पाच लावू, असं सांगितलं गेलं. ऐकायला हा उदार सौदा वाटतो. वनजमीन दुसऱ्या कामाला दिली की बदली वनीकरण करायचं, असा नियम आहे, आणि बदली जमीन त्याच खाडीत असलीच पाहिजे असं नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या उत्तरेकडच्या टप्प्यात जाणाऱ्या कांदळवनाच्या बदल्यात चंद्रपूर जिल्ह्यातली जमीन दाखवली गेली. चंद्रपूरला झाडं लागली तर चांगलंच आहे. पण तिथला साग मालाडच्या खाडीतली लाट अडवणार नाही.

येवल्याच्या पूर्व भागातल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात जिथे टँकर येतो, तिथे विहीर म्हणजे काय ते त्याला माहीत आहे. समजा, रस्त्यासाठी माझी विहीर बुजवली आणि बदल्यात कोणी कोल्हापुरात पाच विहिरी खणल्या. पाचही पाण्याने भरलेल्या. हिशोबात महाराष्ट्राच्या चार विहिरी वाढल्या. माझ्या वावरात मात्र हंडाभर पाणी नाही. विहिरीची किंमत ती कुठे आहे यात असते. कांदळवनाचंही तसंच. त्याच्या लाकडाची, पक्ष्यांची, हवेतून शोषलेल्या कार्बनची बेरीज दुसरीकडे कदाचित जुळवता येईल. आडोसा दुसरीकडे नेता येत नाही. तो त्याच जागेचा आणि त्याच्या मागे राहणाऱ्यांचा असतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो आमच्या शेजारच्या तालुक्यातलाच आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मध्यमेश्वरचा दगडी बंधारा बांधला गेला तो शेतीच्या पाण्यासाठी. त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी येऊ लागले. १९८६ साली ते अभयारण्य झालं आणि २०१९ साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. म्हणजे माणसाच्या हातूनही पाणथळ जागा तयार होते. मग एक गेली तर दुसरी करू, यात गैर काय?

मी तिथे थंडीत अनेकदा गेलो आहे आणि ती जागा मला फार प्रिय आहे. पण नांदूर मध्यमेश्वर कशाच्याही बदल्यात झालेलं नाही. कोणी ठरवून केलं नाही. ज्याला अभियंते बंधाऱ्याचा दोष म्हणतील त्या गाळातून ते पाऊणशे वर्षांत घडलं. त्यातून एवढंच कळतं की निसर्ग सवडीने देतो. कुठे आणि कधी द्यायचं, हे आपण त्याच्याकडून वसूल करू शकत नाही. ठरवून लावलेल्या कांदळवनाचीही तीच गोष्ट आहे. रोप जगेल, पण मुळांचं जाळं दाट व्हायला वर्षं जातात, आणि मधल्या वर्षांतल्या वादळाला थांबायला सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो माझ्यावरच आहे. लासलगाव, येवल्याचा कांदा परदेशी जातो तो न्हावा शेवावरूनच. निर्यातबंदी आली की बंदरात अडकलेल्या कंटेनरच्या बातम्या आम्ही घरच्या आजारपणासारख्या ऐकतो. खाजणावर भराव पडला, त्यावर धक्का झाला, म्हणून माझ्या कांद्याला दुबई आणि कोलंबोचा भाव मिळतो. बंदर नको, रस्ता नको, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मी तसं म्हणत नाही. सगळ्या जगात हा प्रश्न असाच आहे. अमेरिकेत मिसिसिपी नदी टाळून जहाजं थेट समुद्रातून न्यू ऑर्लिन्सला यावीत म्हणून १९६० च्या दशकात दलदलीतून एक कालवा खणला गेला. त्यातून खारं पाणी आत शिरलं, सरूची गोड्या पाण्यातली वनं मेली, काठ ढासळत कालवा रुंद होत गेला. लुईझियानाने १९३० च्या दशकापासून किनाऱ्यावरची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गमावली आहे, त्याच्या अनेक कारणांपैकी असे कालवे हे एक. २९ ऑगस्ट २००५ ला, मिठीच्या पुरानंतर जेमतेम महिन्याने, कतरिना आलं तेव्हा या कालव्याच्या बाजूच्या वस्त्या बुडाल्या. २००९ मध्ये दगड टाकून तो बंद केला गेला. कालवा खणणाऱ्यांना कोणाला बुडवायचं नव्हतं. त्यांना व्यापार हवा होता, मला हवा आहे तसाच. नफा एका खात्यात दरवर्षी जमा होत होता, आणि धोका दुसऱ्यांच्या नावावर गुपचूप चढत होता.

माझं म्हणणं त्या गुपचूपपणाविषयी आहे. खाजण भरायचं ठरलं तर भरावं लागेलही, पण त्याला भरपाई केली असं म्हणू नये. ‘भरपाई’ म्हटलं की हिशोब मिटतो, फाइल बंद होते, मनाला शांतता मिळते. खरं तर तिथे एका माणसाच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या दारात धोका नेऊन ठेवलेला असतो. तसं उघड म्हटलं की पुढचे प्रश्न आपोआप येतात. हे टाळता येईल का? आकडा कमी होईल का? बावीस हजारांवर आला तो कोणीतरी हे विचारलं म्हणूनच आला असणार. बदली लागवड त्याच खाडीत, त्याच वस्तीच्या पुढे होईल का? आणि मागे राहणाऱ्यांना इशारा, निवारा, पक्की घरं यांचा खर्च कोण देणार? केंद्रपाड्याने शिकवलं ते हेच की आडोसा गेला तर निदान इशारा तरी वेळेवर पोचला पाहिजे.

आपल्या न्यायालयाने हे बऱ्याच आधी ओळखलं आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला मनाई केली, आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटलं की कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला आहे. हक्क या शब्दाने फरक पडतो. वस्तू असेल तर तिची किंमत देऊन सुटता येतं. हक्क असेल तर ज्याचा आहे त्याला विचारावं लागतं, आणि तो हजर नसेल तर त्याच्या वतीने पावती फाडता येत नाही. जो मुलगा अजून जन्मलेला नाही आणि तीस वर्षांनी खाडीच्या काठावर राहणार आहे, त्याचं ऋण मोकळंच राहतं. ते मोकळं आहे हे लक्षात ठेवणं, एवढी तरी सभ्यता आपण पाळू शकतो.

यंदा कांदा भरताना व्यापाऱ्याचा कंटेनर आमच्या गावापर्यंत आला होता. ड्रायव्हर उरणचा होता. चहा पिताना मी त्याला विचारलं, तुमच्याकडे वादळात पाणी येतं का? म्हणाला, “आमच्या आजाच्या वेळेला घरापर्यंत नाही यायचं. आता येतं.” का, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही दोघं मिळून गोण्या मोजल्या. त्याने चलनावर सही केली, माल बरोबर मिळाला म्हणून.