दोन बोटांचा प्रश्न

आमच्या मंगरूळपीरला रेल्वे नाही. बिरबलनाथ महाराज आहेत, हयात कलंदरांचा दर्गा आहे, संत्र्याचे बगीचे आहेत, एस. टी. स्टँड तर आहेच आहे. पण आगगाडीची शिटी ऐकायची म्हणजे वाशीम गाठावं लागतं. पूर्वी कारंज्याला गेलं की 'शकुंतला' भेटायची. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अडीच फुटी रुळांची ती गाडी इतकी माणसाळलेली होती की तिच्याकडे वेळापत्रक मागायचा संकोच वाटे. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेलं वाफेचं इंजिन तिनं १९९४ पर्यंत वापरलं. पुढे डिझेल आलं आणि अखेर गाडीच थांबली.

अशा गावात माझ्या मालकीची एक रेल्वे आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो. लांबी चार फूट, रुंदी एक फूट. मुक्काम : मधल्या खोलीतल्या कपाटावर, गाद्यांच्या शेजारी.

शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की पावणेनऊ येतात, आणि छंदिष्टांच्या दुकानात नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात. पाव मिलिमीटर मी रेल्वे खात्याला सोडून दिला. याच हिशेबानं माझ्या रेल्वेचा स्टेशनमास्तर जेमतेम दोन सेंटिमीटर उंच आहे. प्लायवूडची फळी, खडी म्हणून चहाच्या गाळण्यातून काढलेली वाळू (गाळणं पुन्हा स्वयंपाकघरात गेलं नाही, आम्हांला नवं आणावं लागलं), बारा व्होल्टची वीज आणि एक बटण. बटण उजवीकडे पिळलं की इंजिन पुढे, डावीकडे पिळलं की मागे. धुळीचा कण चाकाखाली आला तरी वीज तुटते आणि गाडी उभी राहते. म्हणून दर रविवारी स्पिरिटचा बोळा घेऊन मी लाइन साफ करतो. ड्रायव्हर मी, गार्ड मी, सांधेवाला मी आणि झाडूवालाही मीच. शकुंतलेवरही शेवटी शेवटी मोजकीच माणसं सगळी कामं करीत, तेव्हा ही परंपराच म्हणायची.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तिथल्या गाड्या शहरातून, डोंगरातून धावतात. माझी गाडी धावत नाही. चार फुटांत धावून जाईल कुठे? माझ्याकडे नुसतं शंटिंग चालतं. ॲलन राइट नावाच्या इंग्रज गृहस्थानं त्याचा एक खेळ बसवून दिला आहे. दोन सांधे, तीन फाटे. एका फाट्यावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. इंजिनाला मागेपुढे करायला जी जागा आहे तिच्यात इंजिन आणि तीनच वाघिणी. एकूण वाघिणी आठ. माझ्याकडच्या आठांवर रुई, सरकी, तूर, संत्री, सिमेंट वगैरे माल आहे. डब्यातून पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं पाच वाघिणींची गाडी लावायची. उरलेल्या तीन बसून राहतात. असे ६,७२० क्रम होतात. रोज एक गाडी लावली तर अठरा वर्षांवर काम आहे. निवृत्त माणसाला यापेक्षा पक्की नोकरी कोण देणार?

शेजारचे मास्तर एकदा हा उद्योग बघत उभे होते. सरकीच्या पुढे नेमकी तूर अडकली होती आणि तिला काढायला मी वीस-पंचवीस खेपा घालत होतो. मास्तरांचा धीर सुटला.

"काहून एवढं मागंपुढं करता हो भाऊ? उचला न् ठेवा तिकडं!" आणि त्यांची दोन बोटं तुरीच्या वाघिणीवर आलीसुद्धा. मी त्यांचं मनगट धरलं.

"अहो, कोनाचं काय बिघडते?"

खरोखर, कोणाचं काय बिघडतं? नियम करणारा मी, पाळणारा मी, तपासणारा मी. तुरीला तक्रार नाही, सरकीला हरकत नाही. मास्तरांना मी काही तरी थातुरमातुर सांगितलं, पण प्रश्न डोक्यात राहिला. विचार केला की वाटतं, आपण देवाजवळ तरी दुसरं काय मागतो? महाराजांपुढे नारळ फोडणारा आणि दर्ग्यावर चादर चढवणारा, दोघंही म्हणत असतात, माझी तेवढी एक वाघीण वरच्यावर उचल. वर बसलेल्याला फळी सगळी दिसते, बोटंही आहेत. तरी तो बहुतेक वेळा बटणच पिळत बसतो. यावरून तो निष्ठुर आहे असं मास्तर म्हणतात. मला तो छंदिष्ट वाटतो.

हे सगळं तत्त्वज्ञान फळीवर ठीक होतं. मग कारंज्याहून बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा, माझा भाचा, सरकारी नोकरीत गडचिरोलीकडे आहे. बहिणीचे गुडघे गेलेले, घरात ती एकटी. बदलीच्या यादीत भाचा अकरावा. यादी जिथे हलते तिथे माझ्या हाताखाली वाढलेला एक जण आज वरच्या खुर्चीवर आहे. "दादा, तू फक्त एक शब्द टाक," ती म्हणाली. एक शब्द म्हणजे दोन बोटंच.

आता गंमत बघा. फळीवर वाघीण उचलली तर कोणाचंही नुकसान नाही, तरी मी मास्तरांचं मनगट धरतो. यादीत एक उचलला की वरचे दहा जण एकेक पायरी खाली जातात. त्या दहांनाही आया असतील, त्या आयांनाही गुडघे असतील. आणि याला आपण माया म्हणतो! नाही म्हणणाऱ्याला म्हणतो, दगड आहे.

पण दुसरीही बाजू आहे आणि ती मला झोपू देत नाही. माझ्या फळीवर कुठलाही क्रम शेवटी लागतोच. कारण अकरा जागांत आठ वाघिणी आहेत, तीन जागा मोकळ्या आहेत. हलायचं ते त्या मोकळ्या जागांच्या जोरावर. धीर धर, असं मी तुरीला सांगतो तेव्हा मला उत्तर ठाऊक असतं. भाच्याला कशाच्या जोरावर सांगू? त्याच्या यादीत मोकळ्या जागा किती हे कोणी सांगत नाही, आणि इतरांची बोटं रात्रंदिवस चालू असतात.

मी शब्द टाकला नाही. सौ. म्हणाली, "तुमचं बरोबरच आहे हो, पण वन्संना हे सांगायला मला लावू नका." राखी यंदा पोस्टानं आली. पाकिटात दरवर्षी चिठ्ठी असते, ती नव्हती.

दिवाळीत भाचा येऊन गेला. यादीत आता नववा आहे. वरचे दोघे गेले, त्यातला एक रीतसर. मामावर रागावलेला दिसला नाही. उलट फळी खाली काढून तासभर बटण पिळत बसला. गाडी लावली अगदी चोख. मग बाजूला राहिलेल्या तीन वाघिणींकडे बोट करून म्हणाला, "मामा, ही संत्र्याची मी आल्यापासून इथंच आहे."

"चिठ्ठी निघाली नाही तिची," मी म्हणालो.

"मग अजून एक डाव खेळू," असं म्हणत त्यानं डबा हलवायला घेतला.