हाली रुपयाचे देणे

सोनपेठेच्या बाजूस आमचे जाणे-येणे असते. तिकडील एका शेतकऱ्याने आजोबांची जुनी वही आम्हांस दाखविली. तीत 1953 सालची नोंद होती : शेजारच्या मजूरबाईची ठेव, सत्तर रुपये हाली. ते पैसे आजोबांनी केव्हाच खर्चिले. बाई वारली, तिची नात गावातच मजुरी करिते. "पाळकसाहेब, तिला काय देऊ?" असे त्याने विचारिले.

तरुणांस हाली शब्दच ठाऊक नाही. निजामाच्या राज्यात चारमिनारची छाप असलेला हाली शिक्का चाले, आणि इंग्रजी मुलखातील रुपयास कलदार म्हणत. सात हालीचे सहा कलदार होत. 1948 साली संस्थान भारतात आले, 1950 पासून भारतीय रुपया बरोबरीने चालू लागला, आणि 1959 साली हाली बंद झाला. ज्यांनी चांदीचे रुपये पुरून ठेविले त्यांचे फारसे बिघडले नाही. ती सत्तर नाणी आज मोडीतही हजारो रुपयांस जातील. तांब्याचा पैसा व कागदी नोट जपणारा गरीब मात्र बुडाला. पुढे 2011 च्या जूनअखेर चाराणेही गेले, तेव्हाही मडक्यांत अशीच चिल्लर राहिली.

हिशेबाने साठ रुपये होतात.  परंतु साठ रुपयांत आज घरास दोन दिवसांचे धान्यही येत नाही. मग वचन आकड्याचे होते, की त्या आकड्यात मावणाऱ्या श्रमाचे?

महागाई काही ऋणकोने आणिली नाही, हे आम्ही मान्य करितो. सावकार व्याज घेतो, म्हणून त्याने आकड्यावर समाधान मानावे. पण त्या बाईने व्याज मागितले नव्हते; तिने केवळ विश्वास ठेविला होता. अशा ठेवीस नाण्याचे मरण लागू करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

शेतकऱ्याने गावातील दोन वृद्धांस त्या काळची बायकांची मजुरी विचारिली. एकाने रुपया सांगितला, दुसऱ्याने बारा आणे. रुपयाने साठ दिवस भरतात, बारा आण्यांनी ऐंशी. त्याने ऐंशी दिवस धरिले, आजच्या मजुरीने रक्कम काढिली आणि कापूस विकल्यावर निम्मी घेऊन तिच्या दारी गेला.

"कसले पैसे, दादा?" असे तिने विचारिले. तिला त्या ठेवीची वार्ताही नव्हती.