टोमणा मारायचा कुणाला?

विधानसभेच्या प्रचारात ११ नोव्हेंबर २०२४ रोजी उद्धव ठाकरे सभेसाठी वणीत उतरले आणि हेलिपॅडवरच निवडणूक कर्मचाऱ्यांनी त्यांची बॅग तपासायला घेतली. ठाकरे अडवायला गेले नाहीत. त्यांनी मोबाइलवर चित्रण सुरू केलं आणि एकेक प्रश्न टाकत गेले: माझ्याआधी कुणाची बॅग तपासलीत? मोदी आले तर त्यांची तपासणार का? शहांची? शिंदे-फडणवीसांची? कर्मचारी हुकमाचे ताबेदार, ते काय बोलणार! पण ती चित्रफीत राज्यभर फिरली. भाजपने लगोलग फडणवीसांच्या बॅग तपासणीची चित्रफीत बाहेर काढली आणि सुनावलं की ७ नोव्हेंबरला याच यवतमाळ जिल्ह्यात त्यांचीही बॅग तपासली होती, त्यांनी मात्र गाजावाजा केला नाही. १५ नोव्हेंबरला हिंगोलीत अमित शहांचं हेलिकॉप्टर तपासलं गेलं. त्याची चित्रफीत खुद्द शहांनीच प्रसिद्ध केली.

वणी मतदारसंघात मारेगाव आणि झरी जामणी हे तालुकेही येतात. तिथे दिवस कापूस वेचणीचे होते आणि बॅगेत काय निघालं यापेक्षा सोयाबीनला भाव काय निघाला याची चिंता मोठी होती. ठाकऱ्यांचा उमेदवार वणीतून निवडून आला तो बॅगेमुळे, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तरी त्या टोमण्याने एक काम केलं. आठवड्याच्या आत सत्ताधाऱ्यांना आपल्याही बॅगा कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवाव्या लागल्या. राज्यसंस्थेच्या नजरेवर उपरोध इतक्या झटपट लागू पडल्याची उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत. लागू पडला याचं कारण सरळ आहे: तपासणारा समोर उभा होता, दिवसाउजेडी, गळ्यात ओळखपत्र घालून.

फोनचं तसं नसतं. नाना पटोले २०१६-१७ मध्ये भंडारा-गोंदियाचे खासदार होते, तेही भाजपचे. त्या काळात त्यांचा फोन ऐकला जात होता आणि अर्जात त्या क्रमांकाचा मालक म्हणून ‘अमजद खान’ हे नाव दाखवलं होतं, हा आरोप २०२१ मध्ये विधानसभेत गाजला. कारण म्हणे अमली पदार्थांचा व्यापार. अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू यांच्या क्रमांकापुढे ‘निजामुद्दीन बाबू शेख’ असं नाव असल्याचं सांगितलं गेलं. गब्बरसिंगाच्या नटाचं नाव कागदावर लिहिणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी, की खोट्या नावांसाठी मुस्लीम नावंच का सुचतात असं विचारावं? दुसरा प्रश्न त्या वेळी फारसा कुणी विचारला नाही. गब्बरवरचे विनोद मात्र भरपूर झाले.

पुढे काय झालं तेही पाहण्याजोगं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यात आणि मार्चमध्ये मुंबईत पोलीस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर फोन ऐकल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले. मुंबईच्या गुन्ह्यात संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांचे फोन होते. मग सत्तापालट झाला. एका प्रकरणात पोलिसांनीच तपास मिटवण्याचा अहवाल दिला, दुसऱ्यात सरकारने खटल्याला परवानगी नाकारली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. त्यांच्यावरचे आरोप न्यायालयात सिद्ध झालेले नाहीत, हे स्पष्ट लिहायला हवं. पण फोन कुणी, कुणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी ऐकले याचं उत्तरही जनतेला मिळालेलं नाही. आधीचं सरकार आरोप करतं, नंतरचं सरकार पडदा टाकतं. मधल्या मधे आमदार-खासदारांची ही गत, तर मारेगावच्या बाजारात अडत्याशी फोनवर भाव ठरवणाऱ्याने कुठे जायचं?

तो जातही नाही. अशी बातमी आली की वऱ्हाड-यवतमाळकडे हमखास ऐकू येणारं वाक्य एकच: “आमच्या फोनात आयकाले हायेच काय? आयकू द्या ना बाप्पा!” यात खवचटपणा आहे, थोडी बेफिकिरी आहे आणि एक अनुभवही आहे. ज्याचं गाऱ्हाणं तहसीलदार समोरासमोर ऐकत नाही, त्याचं कुणी चोरून ऐकत असेल तर निदान कुणीतरी ऐकतंय, असा त्याचा रोख असतो. टोमणा म्हणून तो उत्तम आहे. मात्र तो कुणापर्यंत पोचत नाही, आणि मारणाऱ्यालाही तो पोचवायचा नसतो. चहा संपेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. पाळत ठेवणाऱ्याला याहून सोयीची प्रजा कुठली?

टोमणा पोचवायचा पत्ता कायद्यात अजिबात नाही असं नाही, पण तो सापडू नये अशा ठिकाणी लिहिला आहे. फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला दिला तो १८८५ च्या तार कायद्याने, म्हणजे इंग्रजांनी. डिसेंबर १९९६ मध्ये पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याला कुंपण घातलं: गृहसचिवांचा लेखी आदेश हवा आणि त्या आदेशांची समितीकडून फेरतपासणी हवी. २००७ मध्ये ते नियमांत आलं. ही समिती कोणाची? केंद्रात मंत्रिमंडळ सचिव आणि दोन सचिव, राज्यात मुख्य सचिव आणि दोन सचिव. गृहसचिवाचा आदेश योग्य होता का, हे त्याच्याच शेजारच्या दालनातले अधिकारी ठरवणार. न्यायाधीश नाही, विरोधी बाकावरचा कुणी नाही, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवायचं नाही.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण हे नाव महाराष्ट्राला १९९२-९३ च्या मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे ठाऊक आहे. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या विदा संरक्षण समितीने २०१८ च्या अहवालात एक आकडा नोंदवला: फेरतपासणी समितीपुढे दर बैठकीला १५ ते १८ हजार आदेश असतात. बैठक दोन महिन्यांतून एकदा. प्रत्येक आदेशाला एक मिनिट दिलं तरी पंधरा हजारांना अडीचशे तास लागतात, म्हणजे देशातले सर्वांत व्यग्र तीन अधिकारी दहा दिवस आणि दहा रात्री, न झोपता, न जेवता. यावर वेगळा विनोद रचण्याची गरज नाही. सरकारी व्यवस्थेने तो स्वतःच रचून ठेवला आहे. ‘अमजद खान’ अशा ढिगातून अलगद निघून गेला तर नवल कसलं.

उपरोध नेहमी वाया जातो असं मात्र नाही. २८ डिसेंबर २०१५ रोजी मार्क झुकरबर्ग यांनी भारतीय वाचकांसाठी एक लेख लिहिला. फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ या योजनेची भलामण करणाऱ्या त्या लेखाचा नायक होता महाराष्ट्रातला गणेश नावाचा शेतकरी. हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो, त्याच्या वाटेत कोण आडवं येतंय, असा एकूण सूर. कॅलिफोर्नियातून आलेला हा कळवळा पाहून लोकांनी गणेशची भरपूर टर उडवली, आणि ती उडवता उडवताच योग्य प्रश्न विचारला: गणेशला पूर्ण इंटरनेट का नको? कुठल्या साइट मोफत हे फेसबुकने का ठरवायचं? त्याआधी एप्रिलमध्ये एआयबी या विनोदी मंडळींनी केलेल्या चित्रफितीने लोकांना हसवलं होतं आणि त्याच दमात दूरसंचार नियामक ट्रायला ई-मेल कसा पाठवायचा हेही सांगितलं होतं. दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जगजाहीर करून टाकले, हा त्यातला सरकारी विनोद. पण ८ फेब्रुवारी २०१६ ला निकाल लागला: साइटनुसार वेगळा दर लावायला मनाई. जगातल्या बलाढ्य कंपनीची जाहिरातबाजी भारतात हरली. त्या थट्टेपुढे एक मुदत होती, एक प्रश्नावली होती आणि एक टपालपेटी होती.

संचार साथीचंही तेच. २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना सांगितलं की हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाका, आणि त्याच्या सुविधा बंद करता येणार नाहीत हे पाहा. बातमी फुटली, खिल्ली सुरू झाली. मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले, नको असेल तर काढून टाका. आदेशात काय लिहिलंय आणि मंत्री काय बोलताहेत हे लोकांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. कारण दिलं की लोक स्वतःहूनच इतकं डाऊनलोड करताहेत की सक्तीची गरज उरली नाही! माघारीचं इतकं ऐटदार वर्णन क्वचित वाचायला मिळतं. आदेशाचा कागद हाती नसता, तर मंत्र्यांचं वाक्य तेवढं उरलं असतं.

उलट डिसेंबर २०२३ मध्ये १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेत आला तेव्हा दोन्ही सभागृहांतले मिळून १४० हून अधिक विरोधी खासदार निलंबित होते. दोन दिवसांत तो दोन्हीकडे मंजूर झाला. फोन ऐकण्याचे अधिकार त्यात शाबूत राहिले. त्यावर हसायलाही कुणाला सवड मिळाली नाही.

याच कायद्याने उपग्रह सेवेचे स्पेक्ट्रम लिलावाविना देण्याची वाट मोकळी केली. जिओ आणि एअरटेलला लिलाव हवा होता, इलॉन मस्क यांना नको होता. कित्येक महिने दोन्ही बाजूंनी दिल्लीत जोर लावला. मार्च २०२५ मध्ये एका दिवसाच्या अंतराने एअरटेल आणि जिओ या दोघांनीही मस्क यांच्या स्टारलिंकशी करार केले. रेल्वेमंत्र्यांनी समाजमाध्यमावर स्वागत केलं आणि मग ते पुसलं. ५ नोव्हेंबरला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं; गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव ही नावं घेतली गेली. इथे टोमण्याची अडचण वेगळी आहे. मंत्र्याला कोणती कंपनी कधी भेटली, कोणता मसुदा देऊन गेली, याची नोंद ठेवायला लावणारा कायदाच भारतात नाही. २०१० मध्ये कंपन्यांसाठी दिल्लीत खटपट करणाऱ्या नीरा राडियांची संभाषणं बाहेर आली म्हणून निदान एकदा तरी आपल्याला तो कारभार ऐकायला मिळाला, आणि तोही आयकर विभागाने फोन ऐकले होते म्हणून! तेव्हा खासगीपणाचा हक्क सांगत सर्वोच्च न्यायालयात धावले ते रतन टाटा. त्यांना कोर्टाची पायरी ठाऊक होती.

मारेगाव तालुक्यातल्या माणसाला पाळत या शब्दाने जे कळतं ते याहून साधं आहे. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा फोटो. ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून फोटो. सीसीआयला कापूस द्यायचा तर २०२५ पासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यावर ओटीपी. ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत अशा बाया आहेत हे सरकारच्या मागाहून लक्षात आलं, मग मुदत वाढली. मजुरांच्या हजेरीत फोटोचाच फोटो काढून चढवला जातो, पुरुषांच्या जागी बाया आणि बायांच्या जागी पुरुष दिसतात, असं जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयालाच लिहावं लागलं. मजूर कॅमेऱ्यासमोर उभा, बिलं काढणारा कॅमेऱ्यामागे.

त्या कॅमेऱ्यामागच्याचा कागद मागायचं एक हत्यार होतं. माहिती अधिकार देशाच्या आधी महाराष्ट्राला मिळाला, अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर. हजेरीपट, लाभार्थ्यांच्या याद्या, कुणाच्या नावावर किती निघाले, हे गावोगावच्या खटपट्या लोकांनी त्याच वाटेने मिळवलं. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचे नियम निघाले आणि त्यासोबत माहिती अधिकाराच्या आठव्या कलमाच्या एका पोटकलमातली दुरुस्ती अमलात आली. सार्वजनिक हित असेल तर व्यक्तिगत माहितीही द्यावी, ही त्या पोटकलमातली अट गेली. आता ‘व्यक्तिगत’ एवढं म्हणून नाकारता येतं. दुसऱ्या एका पोटकलमात सार्वजनिक हिताचा आधार अजून आहे, पण तो मान्य करणं त्याच कार्यालयाच्या हाती. नागरिकाच्या खासगीपणासाठी केलेल्या या कायद्यातून सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय सतराव्या कलमात आहेच. फोन कुणाचे ऐकले हे सुरक्षेच्या नावाखाली सांगायचं नाही आणि हजेरीपटावर कुणाचं नाव आहे हे खासगीपणाच्या नावाखाली सांगायचं नाही. पंचायत समितीच्या खिडकीशी अर्ज घेऊन आलेल्याला आता बाबू हसून सांगू शकतो, भाऊ, ही लोकांची खासगी माहिती हाये.