झिजलेला अंगठा



जाते वापरून वापरून गुळगुळीत झाले की दळण नीट उतरत नाही. मग टाकी लावणाऱ्याला बोलवावे लागते. झिजलेला दगड गेलेले स्वतःहून भरून काढू शकत नाही. आपल्या कातडीचे तसे नाही. तिचा वरचा थर रोज झडतो आणि साधारण महिन्याभरात खालून नवा येतो. एकाच जागी सतत घर्षण झाले, तर ती जागा जाड होते. तिलाच आपण घट्टा म्हणतो.

पण झीज फार वेगाने होऊ लागली की कातडीही हरते. अंतरवाली सराटीच्या परिसरात कापूस वेचणारे, ऊसतोडीला जाऊन कोयता धरणारे, सिमेंट कालवणारे हात पाहा. त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात. नाझरेथमध्ये सुतारकाम करणाऱ्या प्रभू येशूचे हातही मऊ नसतीलच.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पुढे रेशन दुकानातही मशीनवर अंगठा लावणे आले. आणि ज्यांनी आयुष्यभर कष्ट केले, त्यांच्यापैकीच अनेकांचा अंगठा जुळेना.

मग प्रश्न पडतो, माणसाची ओळख नेमकी कशात? अ‍ॅरिस्टॉटलने वस्तूचे मूळ स्वरूप आणि तिचे बदलणारे गुण यांत फरक केला. केस पिकले, अंग वाळले, तरी माणूस तोच राहतो. बोटांवरच्या रेषांचेही थोडे असेच आहे. त्यांची ठेवण आईच्या उदरातच, कातडीच्या खालच्या थरात पक्की होते. खोल जखम नसेल आणि काम काही दिवस थांबले, तर बहुधा तीच नक्षी पुन्हा वर येते. पण कष्टकऱ्याला काम थांबवणे परवडत नाही. मशीन वरचा थर वाचते. तो जुळला नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही.

घट्टा मनालाही पडतो. एखादी म्हातारी पहिल्यांदा रिकामी पिशवी घेऊन परतते, तेव्हा बघणाऱ्याला टोचते. चौथ्यांदा तोच म्हणतो, "मशीनच घेत नाही, कोण काय करणार?" हातावरचा घट्टा कामाला येतो, मनावरचा माणसाला निगरगट्ट करतो.

डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून ओळख पटवण्याची सोय आधारमध्ये आहे. आधार केंद्रावर ठसे नव्याने नोंदवताही येतात. पण हे ठाऊक नसलेल्या वृद्धांबरोबर कोणीतरी जायला हवे, दुकानदाराशी बोलायला हवे. आपल्या आळीत असे कोणी आहे का, एवढे या आठवड्यात आपण विचारून पाहू या.