शुक्रवारी येतो

परगावी गेल्यावर जेवायचे कोठे, हा प्रश्न माझ्या आजोबांच्या वेळी नीतीचा नव्हता, नशिबाचा होता. ते शिकायला रत्नागिरीस राहिले तेव्हा सात घरी सात वार लावून जेवले. सोमवारच्या घरचे ताक पातळ असे आणि गुरुवारच्या घरी वाढणाऱ्या बाईचा हात आखडता असे, हे ते आम्हांला म्हातारपणी हसत हसत सांगत. पण ठरल्या वारी ठरल्या घरी ते वेळेवर हजर असत. न जाऊन सांगतात कोणाला? त्या दिवशी दुसरीकडे पान नव्हतेच.

त्यांच्या नातवाला मात्र २०२५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत, घरापासून अर्ध्या पृथ्वीवर, संध्याकाळी कोठे जेवावे म्हणून दीड तास वाद घालण्याचे भाग्य लाभले. माझा भाचा टोरांटोला असतो. त्याने मला आणि हिला तिकडे बोलावून घेतले आणि तेथून आठ दिवस बार्बेडोस बेटावर नेले. सोबत त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी. माझ्यासारख्या गावच्या मास्तराने आणि चार कादंबऱ्यांच्या लेखकाने एवढ्या लांबचा समुद्र पाहावा ही भाच्याची हौस. खर्च सगळा त्याचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे शहाणपण सांगणार आहे ते दुसऱ्याच्या पैशावर सुचलेले आहे.

बेट केवढे? लांबीला २१ मैल, रुंदीला १४. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात अशी बारा बेटे मावावीत. इंग्रज तेथे १६२७ साली वसले, थोड्याच वर्षांत उसाचे मळे उभे राहिले आणि मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे धरून आणली गेली. १८३४ साली कायद्याने गुलामगिरी संपली, खरी सुटका आणखी चार वर्षांनी झाली. १९६६ साली देश स्वतंत्र झाला आणि २०२१ साली त्याने इंग्लंडच्या राणीचे नावापुरते राज्यही दूर केले. आज तेथे उसापेक्षा पाहुणे मोठे पीक आहे.

आमचा मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात होता. राहणे, तिन्ही त्रिकाळ खाणे, पिणे, सगळ्याचे पैसे आधीच भरलेले. त्याची खूण म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर कागदी पट्टी चिकटवली. ही म्हणाली, कोंडवाड्यातल्या गुरांना असा बिल्ला असता तर बरे झाले असते. पट्टी दाखवली की हवे ते ताटात. पहिल्या दिवशी आम्ही आशाळभूतासारखे खाल्ले. दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले की न्याहारीला सफरचंदे आहेत, द्राक्षे आहेत, डबाबंद दही आहे, पण बाहेर रस्त्यावर ज्याच्या सावलीत गाड्या उभ्या होत्या त्या झाडाचे फळ काही ताटात नाही. ते झाड नीरफणसाचे होते. आमच्या परसात ते आहे, म्हणून मला ओळखू आले.

वाढणाऱ्या मुलाला मी विचारले तेव्हा तो हसला. बरेचसे जहाजाने येते, म्हणाला. पुढे मला कळले की ही एकट्या त्या हॉटेलची गोष्ट नव्हे. ती बेटे आपल्या अन्नाचा मोठा भाग बाहेरून विकत घेतात. तिकडच्या देशांच्या संघटनेने २०२५ पर्यंत अन्नाची आयात पाव हिश्शाने कमी करण्याचा संकल्प सोडला होता, ती मुदत २०३० पर्यंत लांबवावी लागली. शेजारच्या अँटिग्वा बेटावर जन्मलेल्या जमेका किंकेड ह्या लेखिकेने १९८८ साली 'अ स्मॉल प्लेस' नावाचे लहानसे पुस्तक लिहिले. त्यात तिने पाहुण्याला समोर बसवून सुनावले आहे की, बाबा रे, तुझ्या ताटातले हे अन्न विमानाने आले आहे. पुस्तक कडवट आहे. पाहुण्याने ते तेथे जाण्यापूर्वी वाचावे की परतल्यावर, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तर मी म्हटले, बाहेर जेवू या. भाचा म्हणाला, "अहो मामा, पैसे आधीच भरलेत. बाहेर जेवलो तर एका जेवणाचे दोनदा पैसे." हिशेब बिनचूक होता. हिनेही त्याचीच बाजू घेतली. तिला परमुलखातल्या पाण्याची धास्ती. एक संध्याकाळ तडजोड म्हणून आम्ही रोटीच्या दुकानात गेलो. मऊ पोळी, आत भरडलेल्या डाळीचा थर, बटाट्याचा रस्सा. हिचा जीव भांड्यात पडला. ही रोटीसुद्धा त्या बेटाची नव्हे. १८४५ पासून करारावर त्रिनिदादला नेलेल्या आपल्या मजुरांनी ती तिकडे नेली आणि तेथून ती इकडे आली. पण 'आपले' सापडल्याच्या आनंदात आम्ही एवढे बुडालो की दुकानदाराचे तोंडही मला आता आठवत नाही.

मी बाहेर जेवण्याचा एवढा हट्ट का धरला, ह्याचे कारण माझ्या घरात आहे. माझी वहिनी खाणावळ चालवते. 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी, ओटीवर सहा टेबले. मे महिन्यात आणि दिवाळीत मुंबई-पुण्याच्या मोटारी येतात. उतरल्या उतरल्या विचारतात, अस्सल मालवणी आहे ना? मग सुरमई तळायची, कोंबडी-वडे करायचे, सोलकढीचे पेले भरायचे. आमच्या आईने तळलेली सुरमई वर्षातून किती वेळा खाल्ली असेल? पेज, सुकट, स्वस्त झाला तर बांगडा, हे आमचे अस्सल. ते मागायला कोणी येत नाही, आणि आले तर वहिनीला ते वाढायला लाज वाटेल. पाहुण्याला आपले खरे जेवण हवे असते, पण आपली खरी गरिबी नको असते. आमच्याच गावात नीरफणसाच्या कापांना हल्ली 'स्पेशल' म्हणून वेगळे पैसे पडतात.

आणि त्या नीरफणसाचा त्या बेटांवरचा इतिहास काय? मळेवाल्यांना गुलामांसाठी स्वस्त पोटभरीचे काही हवे होते. म्हणून ब्लाय नावाच्या कप्तानाला ताहितीहून रोपे आणायला धाडले. १७८९ साली खलाशांनी बंड करून त्याला रोपांसकट जहाजाबाहेर काढले; दुसऱ्या खेपेस, १७९३ साली, त्याने रोपे सेंट व्हिन्सेंटला पोहोचवली. म्हणजे जे फळ मी हौसेने मागत होतो ते कोणाच्या तरी पणजोबांच्या पोटावर मालकाने लादलेले होते. ते मागण्याचा मला काय अधिकार, असे क्षणभर वाटले. पण लादलेल्या फळाचे ज्या बायांनी रुचकर पदार्थ केले त्यांच्या हाताला चव होती, आणि चवीला दाद देण्यासाठी वारसाहक्काचा दाखला लागत नाही. असे मी माझे समाधान केले. ते पुरे आहे असे नाही.

मंगळवारी आम्ही ऑइस्टिन्सला गेलो. हे दक्षिण किनाऱ्यावरचे कोळ्यांचे गाव. तेथे समुद्राकाठी टपऱ्यांची रांग आहे आणि शुक्रवारी रात्री मासे खायला सारे बेट लोटते. मंगळवारी शुकशुकाट होता. एका टपरीवर साठीची बाई एकटीच होती. फळ्यावर 'डॉल्फिन' लिहिलेले पाहून नात रडकुंडीला आली. बाईने हसून समजावले की डॉल्फिन हे तिकडे एका साध्या माशाचेच नाव आहे. ताटाला पन्नास डॉलर. तिकडचे दोन म्हणजे अमेरिकेचा एक. मी मनात रुपये केले आणि गप्प बसलो.

तिने आम्हांला कुकू वाढले. भेंडीच्या पाण्यात मक्याचे पीठ घालून चपट्या लाकडाने घाटत राहायचे; थेट आपली उकड. त्याच्यासोबत उडता मासा हवा, हे त्यांचे राष्ट्रीय जेवण. उडता मासा तेथल्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे. त्याच्या मासेमारीवरून शेजारच्या त्रिनिदादशी झालेले भांडण आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले आणि २००६ साली त्याचा निकाल लागला. पण त्या दिवशी तिच्याकडे तो नव्हता. यंदा फार कमी मिळतो, म्हणाली. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेले तेव्हा बंदरात बांधलेल्या होड्या एकमेकींवर आदळून फुटल्या. त्यांत तिच्या भावाचीही होती. ती आता कोठे दुरुस्त होऊन पाण्यात उतरली होती. "शुक्रवारी याल का? मी तुमच्यासाठी ठेवीन. पाच."

मी म्हटले, "शुक्रवारी येतो."

शुक्रवारी सकाळी भाच्याने सांगितले की रात्रीसाठी त्याने एका कड्यावरच्या मोठ्या उपाहारगृहात टेबल राखून ठेवले आहे. खाली समुद्र, वर चांदणे. आमच्यासाठी ही गंमत त्याने लपवून ठेवली होती. मी ऑइस्टिन्सचे नाव काढले. तो म्हणाला, "मामा, तिथे आज शेकडो माणसे येणार. तिला आठवणारसुद्धा नाही. आणि हे टेबल आता रद्द केले तर कार्डावरून पैसे कापतात." मी आणखी एकदा, अगदी हळू, म्हटले की मी शब्द दिला आहे. मग स्वच्छ सदरा घातला आणि गेलो. जेवण उत्तम होते. समुद्र खरोखरच खाली होता. खोटे कशाला सांगू, दुसऱ्या पदार्थानंतर मला त्या बाईची आठवण आली नाही.

रात्री मात्र झोप लागेना. मी माझ्या बाजूचे मुद्दे मांडू लागलो. एक तर आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. त्या 'येतो'चा हिशेब कोणी मागत नाही. माझा 'येतो' त्या जातीचा होता. तिला मराठी येत नव्हते हा माझा दोष नव्हे. पण तिने तर वार विचारला होता, आकडा सांगितला होता, आणि मी वार उच्चारला होता. निरोपाच्या 'येतो'ला वार नसतो. तो मुद्दा तेथेच पडला.

मग वहिनी आठवली. फोनवर 'बारा पाने लावा, नक्की येतो' म्हणणारे आणि वाटेत दुसरी पाटी आवडली म्हणून तिकडे वळणारे. रात्री अकरा वाजता बारा माणसांचे मासे पुढे घेऊन ती ओटीवर बसते. अशा लोकांना मी आजवर काय काय म्हटले आहे! आगाऊ पैसे घेतल्याशिवाय पाने लावू नयेत अशी पाटी मीच रंगवली. वहिनीने ती लावू दिली नाही. जेवणाआधी पैसे मागायचे तर मग घरगुती कसले, म्हणाली.

दोन्ही ठिकाणी शब्द दिलेला होता. एक भाच्याने कार्डावर दिला होता, एक मी तोंडाने. पाळला गेला तो ज्याला दंड होता तो. आणि टपरीवर जेवण्याला तर मी पहिल्यापासून सत्कृत्याचे रूप दिले होते: परदेशी मालाऐवजी कोळ्याच्या घरात पैसा जावा, वगैरे. म्हणूनच तर तो शब्द हलका झाला. देणे असते ते टाळताना जीव कचरतो. उपकार आपलाच असतो, तो केव्हाही परत घेता येतो. मी तिला गिऱ्हाईक म्हणून बोललो असतो तर कदाचित गेलो असतो. मनात दाता होऊन बसलो होतो, म्हणून गेलो नाही.

शनिवारी कोणाला न सांगता निघालो. निळ्या बसने साडेतीन डॉलर देऊन ब्रिजटाऊन, तेथून दुसरी बस. भरदुपार होती. बाईने मला लांबूनच ओळखले. मी पाच माशांचे पैसे मुठीत धरले होते आणि क्षमा मागण्याची दोन इंग्रजी वाक्ये बसमध्ये घोकली होती. ती म्हणू लागण्यापूर्वीच तिने विचारले, "लहान मुलगी आजारी पडली का?"

ती रागावली असती तर मला सोपे गेले असते. दहा वाजेपर्यंत तिने मासे ठेवले होते, असे तिने आपण होऊन सांगितले. तक्रार म्हणून नव्हे, पोरीची काळजी वाटली म्हणून. वीस वर्षे मी मुलांना खरे बोलायला शिकवतो आहे. मी म्हटले, "हो. थोडा ताप होता." परभाषेत खोटे बोलणे सोपे जाते, शब्द आपले नसतात, जिभेला त्यांचा चटका बसत नाही. बसला तो नंतर, मराठीत.

पैसे तिने घेतले नाहीत. दोन मासे घरी खाल्ले, तीन विकले, म्हणाली. मग पैसे कसले? मी जेवलो नाही, तिनेही आग्रह केला नाही. निघताना तिने खोबरे घातलेल्या गोड पावाचा मोठा तुकडा कागदात गुंडाळून हातात दिला. मुलीसाठी. तापातून उठल्यावर गोड खावेसे वाटते, म्हणाली.

तो पाव मी बसमध्ये मांडीवर धरून आणला. टाकून द्यावा असेही एकदा मनात आले. नातीने तो हॉटेलच्या पायरीवर बसून संपवला आणि आणखी मागितला. भाच्याने विचारले, "कुठे मिळाला, मामा?" मी म्हटले, "बाहेर." त्याच्याकडे दरवर्षी हा अंक पोस्टाने जातो.